दार अल-आथार अल-इस्लामिया, कुवेत

कुवेतमधील ही शासकीय सांस्कृतिक संस्था शेख नासर सबाह अल-अहमद अल-सबाह व त्यांच्या पत्नी शेखा हुस्सा यांच्या खासगी संग्रहावर उभी आहे. राष्ट्राच्या स्वाधीन केलेला हा संग्रह १९८३ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात जनतेसाठी खुला झाला. १९९० च्या आक्रमणात इराकी सैन्याने तो बगदादला नेला आणि संग्रहालयास आग लावली. मोरोक्कोतील फेझचे चौदाव्या शतकातील कोरीव लाकडी दरवाजे त्यात भस्मसात झाले. परदेशी प्रदर्शनासाठी गेलेल्या शंभराहून अधिक वस्तू तेवढ्या लुटीतून वाचल्या. नेलेल्यांपैकी बहुतांश वस्तू संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली परत आल्या.

मराठी वाचकाने आवर्जून थांबावे ते या संग्रहातील २४९.३ कॅरटच्या ‘लाल’पाशी, म्हणजे स्पिनेल रत्नापाशी. त्यावर सहा सत्ताधीशांची नावे कोरलेली आहेत: उलुग बेग, इराणचा शाह अब्बास, जहांगीर, शाहजहान, औरंगजेब आणि अहमदशाह अब्दाली. शाह अब्बासने ते १६२१ मध्ये जहांगीरला भेट म्हणून पाठवले होते. पुढे मराठ्यांशी अखेरपर्यंत झुंजत राहिलेला औरंगजेब आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्यांचा पराभव करणारा अब्दाली, दोघांचीही नावे त्या एकाच खड्यावर आहेत. मराठी सत्ताधीशाचे नाव मात्र त्यावर नाही.