इकिगाई

इकिगाई : ज्या माणसामुळे, कामामुळे किंवा आवडीमुळे आपले जगणे मोलाचे वाटते ती गोष्ट, आणि तिच्यातून येणारे समाधान, या दोहोंसाठी जपानी लोक रोजच्या बोलण्यात वापरतात ती संज्ञा. नातवंड, परसातली भाजी, बुद्धिबळाचा डाव किंवा आयुष्यभराचे संशोधन, यांपैकी काहीही कोणाचे इकिगाई असू शकते. मराठी वाचकाला ही कल्पना भेटली ती हेक्तर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिराल्येस यांच्या २०१६ मधील स्पॅनिश पुस्तकामुळे. त्याचा मराठी अनुवाद पुण्यात चांगलाच खपला. या कल्पनेसोबत एक आकृतीही आली. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि मोबदला अशी चार वर्तुळे एकमेकांना छेदतात आणि मधोमध इकिगाई सापडते, असे ती सांगते. ही आकृती जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश लेखकाने ती २०११ च्या सुमारास जीवनहेतू दाखवण्यासाठी काढली आणि २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगलेखकाने तिच्या मध्यभागी इकिगाई हा शब्द बसवला. उगम परका असल्याने एखादी कल्पना खोटी ठरत नाही, हे खरे. पण या आकृतीने प्रश्नाचा रोखच बदलला. आपले मोल कुठे आहे याचा शोध माणसाने एकट्याने, स्वतःच्या आत घ्यायचा आणि त्याला पगाराचीही जोड असायची, असा समज तिने रूढ केला. या विषयाचा जो गंभीर अभ्यास झाला आहे तो बरोबर उलट दिशा दाखवतो.

त्या अभ्यासाचा पाया मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया (१९१४–१९७९) यांनी १९६६ च्या ‘इकिगाई नि त्सुइते’ (इकिगाईविषयी) या ग्रंथात घातला. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता. पुढे त्यांनी रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे चिंतन जपानीत आणले. १९५७ पासून त्या ओकायामा प्रांतातील नागाशिमा बेटावरच्या आइसेइएन या सरकारी कुष्ठधामात जात होत्या. (पुण्याचे याच ओकायामाशी मैत्रीचे नाते आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. बागेत फिरणाऱ्यांना नागाशिमाचे नाव बहुधा ठाऊक नसते.) आजार तोच, बेट तेच, जेवणखाण तेच, तरीही काही रुग्ण रिकामपणाने पिचून गेले होते, तर काहींना आपले आयुष्य भरलेले वाटत होते. हा फरक कशामुळे पडतो, हा कामिया यांचा प्रश्न होता. इकिगाईची जाणीव ज्या गरजांवर उभी असते त्या त्यांनी सात सांगितल्या. भरल्या जगण्याची जाणीव, बदल, पुढे काही असण्याची आशा, स्वातंत्र्य, स्वतःच्या क्षमतांचा विकास आणि अर्थ या सहांच्या जोडीला सातवी गरज प्रतिसादाची. आपण असल्या-नसल्याने कोणाला तरी फरक पडतो, आपल्या हाकेला ओ मिळते, ही ती गरज. मोबदला त्यांच्या यादीत नाही. या सात गरजांत प्रतिसादाची गरज सर्वांत निर्णायक आहे, आणि ती एकट्याने भागवता येत नाही, अशी प्रस्तुत नोंदीची भूमिका आहे.

याचा पुरावा शोधायला जपानपर्यंत जायची गरज नाही. कामियांच्याच वर्षी जन्मलेल्या बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापली. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांवर काम सुरू झाले, असे सांगितले जाते. सरकारकडून मिळालेल्या ओसाड, दगडाळ जमिनीवर, म्हणजे आजच्या आनंदवनात, विहीर खणली गेली, भाजी आणि धान्य पिकू लागले. औषध महत्त्वाचे होतेच. कुष्ठरोगावरची डॅप्सोनसारखी सल्फोन औषधे तोवर आली नसती, तर यांतले बरेचसे घडलेच नसते. तरी आनंदवनाचा खरा कस लागला तो बाजारात. सुरुवातीला रुग्णांच्या हातचे दूध आणि भाजी गावातले लोक घेत नसत. माल विकला जाऊ लागला आणि पुढे १९६० च्या दशकात तिथल्या महाविद्यालयात बाहेरची मुले शिकायला आली, तेव्हा आतल्या श्रमाला बाहेरून ओ मिळाली. पुण्यात याच जातीचे काम इंदुताई पटवर्धनांनी केले. ज्ञानेश्वरांची पालखी आषाढी वारीत ज्या रस्त्याने दिघी, विश्रांतवाडीमार्गे शहरात येते, त्याच रस्त्याने उलटे गेले की आळंदीजवळ डुडुळगाव लागते. तिथे त्यांचे आनंदग्राम उभे राहिले. भीक मागून पोट भरण्याऐवजी संसार आणि काम असलेली कुष्ठरुग्णांची वसाहत, असे त्याचे स्वरूप. आळंदीसारख्या तीर्थक्षेत्री कुष्ठरोग्याला दान सहज मिळते. पण दान देणारा पुढे निघून जातो. त्याला त्या माणसाकडून काहीच नको असते. दयेत आणि प्रतिसादात हा फरक आहे, आणि इकिगाईच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

या विवेचनावर सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाच्या बाजूने येतो. ज्याला घरातून, गावातून हाकलले त्याला जगण्याचा अर्थ शिकवणे म्हणजे अन्यायाशी जुळवून घ्यायला लावणे नव्हे काय? जपानमध्ये हा आक्षेप खुद्द कामियांवर घेतला गेला. रुग्णांना आयुष्यभर कोंडून ठेवणारा कायदा तिथे १९९६ पर्यंत चालू होता आणि २००१ मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले. कामियांनी रुग्णांच्या मनाचा ठाव घेतला, पण बेटाच्या कुलपाविषयी त्या पुरेसे बोलल्या नाहीत, असे टीकाकार म्हणतात, आणि ते खोडून काढणे कठीण आहे. भारतातही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळायला २०१९ साल उजाडले. आक्षेप मान्य केला तरी त्याने कल्पना बाद होत नाही. तिची अट स्पष्ट होते. प्रतिसाद हीच मूलभूत गरज असेल, तर बहिष्कार हा इकिगाईवरचा थेट घाला ठरतो, आणि बहिष्कृताला अंतर्मुख होण्याचा सल्ला देणारे पुस्तक त्याच्या हाती चुकीचे औषध देते.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा : इकिगाईने आयुष्य वाढते, हा दावा कितपत टिकतो? मियागी प्रांतातील ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना इकिगाई आहे का, असे थेट विचारून सात वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ५९ टक्के लोकांनी ‘आहे’ म्हटले होते. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपट आढळला. तो विशेषतः हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार आणि अपघात, आत्महत्या यांसारख्या बाह्य कारणांमुळे. कर्करोगाच्या मृत्यूंशी तसा संबंध दिसला नाही. मात्र आजारी, बेरोजगार आणि एकटी माणसे ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मुळातच जास्त होती. संशोधकांनी हिशेबात हे घटक वजा केले, तरी निरीक्षणावरच्या अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही. इकिगाईचे फळ म्हणून दिला जाणारा ओकिनावा प्रांताच्या दीर्घायुष्याचा दाखला तर आणखी जपून द्यायला हवा. २००० च्या गणतीत तिथल्या पुरुषांचे आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरले होते. शंभरी गाठण्याची हमी म्हणून इकिगाई विकणे हा बाजाराचा उद्योग आहे. जगणे मोलाचे वाटणे हे ते लांबले नाही तरी हवेसे असते.

हे सगळे आपल्याकडे होतेच, असेही पुण्यात हमखास ऐकू येते, आणि मग ‘गीतारहस्या’चे नाव निघते. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात कर्मयोगाची मांडणी आहे, पण त्याचा भर फलाशा सोडण्यावर आहे. इकिगाईला फलाशेचे वावडे नाही. लावलेली मेथी उगवावी आणि शेजारणीने ती आवडीने न्यावी, ही इच्छा तिथे दोष ठरत नाही.

कल्पनेची आजची खरी कसोटी निवृत्तीनंतर लागते. खडकीचा दारूगोळा कारखाना, दिघी-कळस परिसरातल्या संरक्षण संस्था यांत नोकरी केलेली अनेक कुटुंबे विश्रांतवाडी, धानोरी, कळस या पट्ट्यात स्थिरावली. केंद्र सरकारी सेवेत साठीला पगाराचे काम थांबते आणि निवृत्तिवेतन सुरू होते. म्हणजे त्या आकृतीतल्या चार वर्तुळांपैकी मोबदल्याचे वर्तुळ बऱ्यापैकी शाबूत राहते. तुटते ती सकाळच्या पाळीला आपली वाट पाहणारी जागा. जपानने यावर संस्थात्मक उत्तर शोधले. १९७५ मध्ये तोक्योत सुरू झालेली आणि १९८६ च्या कायद्याने मान्यता मिळालेली ‘सिल्व्हर’ मनुष्यबळ केंद्रे साठीपुढच्या सभासदांना झाडे छाटणे, सायकलतळ सांभाळणे, कागदी दारांचे कागद बदलणे अशी थोड्या तासांची कामे मिळवून देतात, आणि इकिगाई हा या केंद्रांचा जाहीर हेतू आहे. मोबदला बेताचा असतो आणि कामगार म्हणून पूर्ण संरक्षण मिळत नाही, त्यामुळे ही स्वस्त मजुरी असल्याची टीकाही होते. ती अंशतः रास्त आहे. आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिक संघ व्याख्याने, सहली आणि आरोग्य शिबिरे भरवतात. त्यांत ज्येष्ठ हा बहुतेक वेळा श्रोता किंवा लाभार्थी असतो. शेजारच्या शाळेला, दवाखान्याला किंवा वाचनालयाला त्याच्याकडून ठरावीक वारी, ठरावीक वेळी काही हवे आहे, अशी व्यवस्था अपवादानेच दिसते.