मौजे मानपुर

महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपुर लागतं. बोलताना आपण नुसतं 'मानपुर' म्हणतो. जुन्या मराठी कागदांची रीत मात्र 'मौजे मानपुर' अशी लिहायची. हे 'मौजे' मला लहानपणी मौजमजेतलं वाटायचं, पुढे अनेकवचन वाटू लागलं. दोन्ही चूक. त्यात फारसी व्याकरण दडलेलं आहे.

फारसीचं एक साधं वाक्य घेऊ : 'मानपुर दूर नीस्त.' मानपुर दूर नाही. 'दूर' तर आपलाच. 'अस्त' म्हणजे आहे, संस्कृत 'अस्ति'चं भावंड. त्याला 'न' लागला की 'नीस्त', जसं संस्कृतात 'नास्ति'. क्रियापदही मराठीसारखं शेवटी. तेव्हा परकी म्हणून भ्यायला नको. मुघल दरबारी राहिलेले आपले सिद्धिचंद्र मुनीही फारसी शिकले होतेच.

अडतं ते 'चा-ची-चे'पाशी. आपला 'मानपुरचा रस्ता' फारसीत उलटा होतो : 'राह-ए-मानपुर'. आधी रस्ता, मग एवढासा 'ए', मग गाव. तसंच 'मौजा' म्हणजे खेडं, आणि 'मौजा-ए-मानपुर'चं झालं 'मौजे मानपुर'. 'किल्ले रायगड'मध्येही किल्ला एकच. 'ए' तेवढा फारसी. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सरनौबताचा सेनापती झाला. हा 'ए' मात्र राहिला.

माणसांच्या नावांतही असे जोड आहेत. समजा लिहिलंय, 'रामजी बिन तुकोजी.' हिंदीत शिकलेली आमची इंदूरची मुलं वाचतात, तुकोजीशिवाय रामजी! हा 'बिन' अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला, अर्थ मुलगा. रामजी हा तुकोजीचा मुलगा. आणि बाई असेल तर? 'गंगाबाई कोम रामजी', म्हणजे रामजीची बायको. मुलगा बापाला जोडलेला, बाई नवऱ्याला. तिच्या बापाचं नाव त्या ओळीत नाही. आईचं तर दोघांच्याही नाही.

म्हणून घरात जुना कागद निघाला, की मोठे शब्द नंतर बघावेत, आधी हे छोटे. जमीन कोणाची, वारस कोण, ते तिथंच ठरलेलं असतं. एक 'बिन' चुकीचा वाचला, तर रामजीचा बापच जातो.