एकाच कुटुंबासाठी पास होणारा कायदा: अमेरिकेतला ‘प्रायव्हेट लॉ’ म्हणजे काय?

1976 साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एक कायदा पास केला. त्यात ना नवा कर होता, ना कुठली शिक्षा. फ्रँक ओल्सन यांच्या कुटुंबाला सरकारी तिजोरीतून साडेसात लाख डॉलर द्यावेत, एवढ्यासाठीच तो होता. दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला, राष्ट्राध्यक्षांनी सही केली.

ओल्सन लष्करी संशोधक होते. नोव्हेंबर 1953 मध्ये सीआयएच्या माणसांनी त्यांना न सांगता त्यांच्या पेयात एलएसडी मिसळलं. काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. एलएसडीची ही गोष्ट कुटुंबाला कळली ती 1975 मध्ये, म्हणजे 22 वर्षांनी, आणि तीही चौकशी आयोगाच्या अहवालामुळे. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कुटुंबाला व्हाइट हाऊसमध्ये बोलावून माफी मागितली.

मग भरपाई देऊन विषय मिटवायचा, त्याला कायदा कशाला?

कारण राष्ट्राध्यक्षांना मनात आलं म्हणून तिजोरीतून पैसे काढता येत नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार खजिन्यातून पैसा बाहेर काढायचा तर काँग्रेसची मंजुरी लागते. कोर्टाचा रस्ताही अवघड होता. मृत्यू ड्यूटीवर झाला असं धरून कुटुंबाला सरकारी कर्मचाऱ्याच्या वारसांना मिळणारे पैसे सुरूच होते, आणि ते घेणाऱ्याला सहसा वेगळा दावा करता येत नाही. उरली काँग्रेस. आधी साडेबारा लाखांची बोलणी झाली होती, ती काँग्रेसमध्ये साडेसात लाखांवर आली.

याच्या मुळाशी इंग्लंडच्या राजेशाहीतून आलेलं एक जुनं तत्त्व आहे: सरकारच्या संमतीशिवाय सरकारवर खटला भरता येत नाही. राजा गेला, तत्त्व मात्र अमेरिकेत राहिलं. त्यामुळे सैन्याने शेत उद्ध्वस्त केलं, कंत्राटाचे पैसे थकले, पेन्शन नाकारलं, काहीही झालं की लोक आपल्या खासदाराला गाठून अर्ज करायचे. खासदार ‘अमुक यांच्या मदतीसाठी’ अशा नावाचं विधेयक मांडायचा.

अर्जांचा ढीग साचत गेला. आधी राष्ट्राध्यक्ष आणि नंतर खासदार झालेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी 1832 मध्येच डायरीत कुरकूर केली होती की हे काम न्यायालयाचं आहे, कायदेमंडळाचं नाही. 1855 मध्ये दाव्यांसाठी वेगळं कोर्ट निघालं, पण त्याला फक्त शिफारस करता यायची, पैसे द्यायचे की नाही हे पुन्हा काँग्रेसच ठरवणार! लिंकन यांनी 1861 मध्ये आग्रह धरल्यावर 1863 मध्ये या कोर्टाला निकालाचे अधिकार मिळाले. तरीही 1905 ते 1907 या दोन वर्षांत सहा हजारांहून जास्त खासगी कायदे पास झाले, त्यातले बहुतेक पेन्शनचे. एवढे कागद कुणी वाचले असतील का, हा प्रश्नच आहे.

मोठा बदल आला 1946 मध्ये. सरकारी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर थेट कोर्टात जाण्याची मुभा मिळाली आणि अशा दाव्यांसाठी खासगी विधेयकं आणायला बंदी आली. पण या कायद्यात पळवाटा राहिल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये ठरवलं की नोकरीत असताना झालेल्या इजेसाठी सैनिकांना सरकारवर दावा करता येणार नाही.

त्याचा फटका जेम्स स्टॅन्ली या सार्जंटला बसला. 1958 मध्ये रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या साधनांच्या चाचणीसाठी तो स्वतःहून पुढे आला. प्रत्यक्षात त्याला गुपचूप एलएसडी देण्यात आलं. भास, विसराळूपणा, घरात मारहाण, शेवटी घटस्फोट. हे का झालं याचा उलगडा त्याला झाला 1975 मध्ये, लष्कराने पुढच्या तपासणीसाठी पाठवलेल्या पत्रातून. तो कोर्टात गेला, आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 4 अशा मतांनी हरला. 1994 मध्ये काँग्रेसने त्याच्यासाठी खासगी कायदा केला, आणि लवादामार्फत 1996 मध्ये त्याला सुमारे चार लाख डॉलर मिळाले.

म्हणजे एलएसडी तेच, सरकार तेच. ओल्सन कुटुंबाला माहिती उघड झाल्यावर पुढच्याच वर्षी पैसे, स्टॅन्लीला 21 वर्षांनी. ओल्सन यांचं प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं होतं आणि राष्ट्राध्यक्षांनी स्वतः लक्ष घातलं होतं, हा फरक विसरता येत नाही.

अशी विधेयकं आजही मांडता येतात. प्रतिनिधीगृहात त्यांच्यासाठी महिन्याचा पहिला आणि तिसरा मंगळवार ठरलेला आहे, आणि दोन सदस्यांनी हरकत घेतली की विधेयक समितीकडे परत जातं. काँग्रेसचं कुठलंही सभागृह एखादा दावा तपासायला दाव्यांच्या कोर्टाकडे पाठवू शकतं. मागणाऱ्याचा खरंच हक्क बनतो की ही निव्वळ मेहेरबानी ठरेल, यावर ते कोर्ट अहवाल देतं. अहवाल बंधनकारक नसतो. अलीकडे असे कायदे अगदी मोजके होतात, तेही मुख्यतः स्थलांतराच्या प्रकरणांत.

ओल्सन यांच्या मुलांचं समाधान मात्र झालं नाही. वडिलांचा खून झाला असा आरोप करत त्यांनी 2012 मध्ये सरकारवर खटला भरला. पुढच्या वर्षी कोर्टाने तो फेटाळला. मुदत उलटून गेली होती, आणि 1976 चे पैसे घेताना कुटुंबाने पुढचे दावे सोडले होते.