माती, गादी आणि पिंजरा

परंपरेने चालत आलेली युद्धकला आजच्या स्पर्धेत टिकाव धरू शकते काय, हा प्रश्न गेली काही वर्षे जगभर चर्चिला जात आहे. त्यास निमित्त झाले ते मिश्र युद्धकलेच्या सामन्यांचे. जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, पकडी, सांध्यांना पीळ असे जवळजवळ सर्व काही चालणाऱ्या या सामन्यांची सर्वांत मोठी स्पर्धा १९९३ साली अमेरिकेत सुरू झाली. पुढे २०१७ च्या एप्रिलमध्ये चीनमधील चेंगदू येथे शू श्याओतुंग नावाच्या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूने वेइ लेइ या ताइ ची गुरूस काही सेकंदांत जमीनदोस्त केले. तेव्हापासून शतकानुशतकांची कुंग फू विद्या केवळ देखाव्याची काय, असा वाद पेटला. हा वाद परक्यांचा समजून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या मल्लविद्येलाही याच कसोटीतून जावे लागले आहे, आणि त्या इतिहासात आपण राहतो त्या कर्नाटकाचा वाटा मोठा आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि व्यायाम यांचे सविस्तर विवेचन आहे. ते कल्याणी आज बिदर जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकात विजयनगरास आलेल्या पोर्तुगीज प्रवाशांनी महानवमीच्या उत्सवातील मल्लयुद्धे पाहिली. त्यांत दात पडत आणि चेहरे विद्रूप होत, असे त्यांचे वर्णन आहे. हीच परंपरा म्हैसूरच्या दसऱ्यात ‘वज्रमुष्टी’ या नावाने उरली आहे. जेट्टी मल्ल मुठीत दातेरी हत्यार धरून राजवाड्यात समोरासमोर उभे राहतात. प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत संपते. एके काळचे जीवघेणे द्वंद्व आज विजयादशमीचा विधी होऊन राहिले आहे. विधी म्हणून त्याचे मोल आहेच. पण ज्या विद्येची वारंवार कसोटी लागत नाही, तिचे रूपांतर सोहळ्यात होते, हेही त्यावरून दिसते.

कुस्तीचे तसे झाले नाही. बंगळूरच्या जुन्या पेठेतील गरडीमने काय किंवा कोल्हापूरची तालीम काय, तेथे रोज समोर जिवंत जोड असे, आणि ती जोड मुद्दाम हरण्यासाठी उभी नसे. राजर्षी शाहू महाराजांनी या विद्येस राजाश्रय दिला आणि कोल्हापुरात खासबागेचे भव्य मैदान उभारले. परंतु खरी परीक्षा पुढेच होती. जगाची कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर चालत होती.

हा फरक केवळ पायाखालच्या पृष्ठभागाचा नाही. मातीत पाय रुततात, चाल संथ होते. पाठ टेकवून चितपट करणे हेच ध्येय असते, आणि त्यासाठी पूर्वी घटकाच्या घटका झुंज चाले. गादीवर वेळ मोजलेली, प्रत्येक हालचालीस गुण ठरलेले आणि पोशाख धरण्यास बंदी. उलट मातीतल्या कुस्तीत जांघियाची पकड हे तर मोठे हत्यार. म्हणून अव्वल मल्लही गादीवर प्रथम बुजतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांना गादीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. तरीही ते सहावे आले. तेथे रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांना नव्या नियमांची ओळख करून दिली. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना नमवून कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या गटात सुवर्णपदक जिंकणारे जपानचे शोहाची इशी हेही मूळचे ज्यूदोपटू होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. म्हणजे विजेते आणि कांस्यपदकाचे मानकरी, दोघेही आपापल्या परंपरेच्या आखाड्यातून आलेले. दोघांनीही नियम नवे शिकले, अंग मात्र जुन्या मेहनतीनेच घडलेले होते.

पुढे १९५९ साली पहिला हिंदकेसरी किताब जिंकणारे श्रीपती खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील मारुती माने आणि गणपत आंदळकर या दोघा मातीतल्या मल्लांनी गादीवर सुवर्णपदके मिळविली. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते अखेरीस एकमेकांसमोर उभे राहतात. जुन्या-नव्याचा हा तंटा आपल्या लोकांनी वाद घालून नव्हे, जोड लावून सोडविला आहे.

पिंजऱ्यातला अनुभवही याहून वेगळा नाही. कुस्तीतून आलेले मुंबईचे भरत खंदारे २०१७ साली शांघाय येथे त्या मोठ्या स्पर्धेत उतरले, आणि चीनच्या सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीने पराभूत झाले. हा सोंग लहानपणी चिनी सान्दा शिकलेला. पण त्याने जिंकले ते नंतर आत्मसात केलेल्या पकडीच्या बळावर. २०२४ मध्ये याच स्पर्धेत भारतास पहिला विजय मिळवून देणाऱ्या उत्तर प्रदेशच्या पूजा तोमर याही वुशूच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. ज्या विद्येचे नुसते अनुकरण चालते ती पिंजऱ्यात कोसळते; जी खऱ्या प्रतिकारावर घासली जाते ती नवे डाव शिकून उभी राहते, मग तिचे मूळ चीनचे असो वा कोल्हापूरचे. आणि एकटी कोणतीच विद्या पुरी पडत नाही.

परमुलखात राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांस हा इतिहास जवळचा वाटावा. आपली मुले येथे कन्नड आणि इंग्रजी शिकून, येथल्या जोडीदारांशी झुंजून मोठी होत आहेत. मराठीही त्यांच्या रोजच्या वापरात असली, चुकत-माकत का होईना बोलली-लिहिली गेली, तर तिचे अंग कसदार राहील. केवळ गणेशोत्सवापुरती उरली, तर तिची वज्रमुष्टी होईल: वर्षातून एकदा पाहावयाची, आणि कौतुक करून परत ठेवून द्यावयाची.