गाण्यावर उभे राहिलेले घर

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली. गाण्याचे शास्त्र मला कळत नाही. पण मोगूबाई कुर्डीकरांचे चरित्र प्रत्येकीने ऐकावे असे आहे.

त्यांचा जन्म १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी झाला. मुलीने मोठी गायिका व्हावे, हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. म्हणून लहानपणीच तिला नाटक मंडळीत घातले. पण लवकरच आईचे छत्र हरपले. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत ‘पुण्यप्रभावा’तील किंकिणीची पदे त्या गाऊ लागल्या. नाटकातल्या पदांनी पोटाला अन्न दिले, ख्यालांनी विद्या दिली. सांगलीस त्यांचा रियाज कानी पडला आणि अल्लादियाखाँसाहेब आपण होऊन शिकवू लागले. ते मुंबईस गेले, तशा याही मागोमाग गेल्या.

पतिनिधनानंतर याच विद्येवर त्यांनी तीन मुले वाढविली. थोरल्या मुलीला समोर बसवून गाणे दिले. त्याच किशोरी आमोणकर. १९७४ साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या.

जयश्रीबाईंनी लेकीला दागिना दिला नाही, गाणे दिले; ते नातीपर्यंत पुरले. आपण आपल्या मुलींच्या ओटीत काय घालणार, याचा विचार प्रत्येकीने करावा.