हडंब्याचं बेअरिंग आणि मिगचं इंजिन

सोयाबीन काढणीच्या दिवसांत हडंब्याचा बुश गेला, तर आमच्या मानोऱ्यात लेथवाला जुन्याच्या मापावर नवा कातून देतो. संध्याकाळपर्यंत हडंबा सुरू. मी इंजिनिअर झालो तरी सुटा भाग म्हटलं की डोळ्यांसमोर हेच यायचं. लढाऊ विमानांच्या इंजिनांबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, तिथे साधा बोल्टही असा कातून बसवता येत नाही.

कारण उष्णता. टर्बाइनच्या पात्यांवर आदळणारा वायू त्या पात्यांचा धातू वितळेल त्याहूनही जास्त तापलेला असतो. पाती टिकतात ती निकेलच्या मिश्रधातूमुळे आणि त्यांच्या पोटातून खेळवलेल्या थंड हवेमुळे. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो, तो किती तास चालला याची नोंद असते. तास भरले की भाग धडधाकट दिसला तरी काढायचा. नवा मिळाला नाही, तर विमान जमिनीवर.

आपल्याकडची ही गोष्ट १९६४ च्या सुमारास सुरू होते. मिग-२१ बनवण्यासाठी एचएएलने कामाची वाटणी केली. सांगाडा नाशिकजवळ ओझरला आणि इंजिन ओडिशातल्या कोरापुटला. पण हे उत्पादन सोव्हिएत परवान्यावरचं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर चालवायला मिळालं, सोर्स कोड नाही. भाग कसा घडवायचा हे कागदावर असतं. तो तसाच का, हे नसतं.

१९८७ मध्ये पुण्याच्या लोहगावला मिग-२९ आली. चारच वर्षांत, १९९१ च्या डिसेंबरात, सोव्हिएत संघच उरला नाही. एका सरकारशी चालणारा व्यवहार आता वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या कारखान्यांशी करायचा होता. सुट्या भागांची टंचाई झाली आणि विमानं उभी राहिली.

गोव्याचं उदाहरण मला जास्त बोचतं, कारण तिथे युद्ध नव्हतं, की कुठला देशही फुटला नव्हता. २०१० पासून नौदलात आलेल्या मिग-२९के विमानांचा तळ दाबोळीचा आयएनएस हंसा. कॅगचा २०१६ चा अहवाल सांगतो, की ६५ पैकी ४० इंजिनं, म्हणजे ६२ टक्के, रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढावी लागली. या विमानाला इंजिनं दोन असतात, म्हणून एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उतरता येतं. खाली समुद्र असताना त्या वैमानिकाला काय वाटत असेल?

सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईसाठी २४० इंजिनांचा करार झाला, २६,००० कोटींहून जास्त रकमेचा. ती कोरापुटलाच बनणार. शेवटी स्वदेशी वाटा ६३ टक्क्यांवर जाईल असं सांगितलं गेलं. आकडा चांगलाच आहे. मला मात्र उरलेल्या ३७ टक्क्यांत कोणते भाग आहेत ते बघायचंय.

तेजसचं तर उलटंच झालं. २०२१ मध्ये त्याच्यासाठी ९९ अमेरिकन इंजिनं मागवली. पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तो व्हिडिओ मी बाबांना दाखवला. काढणीचेच दिवस होते.

"इंजिन कोणाचं हाय याचं?"

"अमेरिकेचं."

"अन् बिघडलं तं?"