उच्च रक्तदाब : लक्षणांची वाट पाहू नका

डोके दुखले की 'बीपी वाढले असेल' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांना कोणताही त्रास जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगभरातील अशा ४० टक्क्यांहून अधिक रुग्णांना आपल्या विकाराची कल्पनाच नसते. त्यामुळे तो ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच : रक्तदाब मोजणे.

आकड्यांचा अर्थ
हृदय आकुंचन पावताना धमन्यांवर पडणारा दाब हा वरचा आकडा, तर ते शिथिल असतानाचा दाब हा खालचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक आढळल्यास सर्वसाधारणपणे उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. दवाखान्यातील तणावानेही दाब वाढू शकतो, म्हणून घरच्या नोंदी उपयुक्त ठरतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी. पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार द्यावा आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा.

शरीरावरील परिणाम
वाढलेल्या दाबाविरुद्ध सतत काम करावे लागल्याने हृदयाची भिंत जाड होते व पुढे हृदय निकामी होऊ शकते. धमन्या कठीण व अरुंद होतात. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडल्यास किंवा फुटल्यास पक्षाघात होतो. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते. दृष्टिपटलावरील सूक्ष्म वाहिन्यांना इजा होऊन नजर अधू होऊ शकते.

धोक्याचा इशारा
रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक अंधुक दिसणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. ही लक्षणे असतील, तर रक्तदाबाचा आकडा कमी असला तरी थांबू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गोळ्या मनाने बंद नकोत
दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभराहून कमी असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे. नियमित चालणे, वजनावर नियंत्रण आणि तंबाखू व मद्यापासून दूर राहणे हिताचे. 'आता बरे वाटते' म्हणून अनेक जण औषध सोडतात. मात्र मुळात त्रासच जाणवत नसलेल्या या विकारात बरे वाटणे हा दाब आटोक्यात असल्याचा पुरावा नव्हे. औषधातील कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.